आधी जमीन बघा, मग चंडोल

चंडोल, म्हणजे लार्क, ओळखणं अवघड असतं असं सगळेच म्हणतात आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. तपकिरी पाठ, त्यावर गडद रेघा, मळकट पांढरं पोट, डोळ्यावर फिकट भुवई, चिमणीएवढा किंवा जरासा मोठा, आणि उडाला की वीस-तीस पावलांवर जाऊन उतरतो आणि मातीत असा मिसळतो की दुर्बीण तिथेच रोखून धरली तरी दिसत नाही. फील्ड गाइडचं ते पान उघडलं की सगळे एकाच रंगाचे, नवीन माणूस तिथेच कंटाळतो आणि पानं उलटून हारिअरकडे, गरुडाकडे जातो. मला मात्र माळावर जायला लागल्यापासून दुसऱ्या कुठल्या पक्ष्याने चंडोलाइतकं शिकवलेलं नाही. आणि हे शिकायचं असेल तर सुरुवात पक्ष्यापासून करूच नका, जमिनीपासून करा, असं माझं ठाम मत झालंय.

पुणे जिल्ह्याचंच उदाहरण घेते कारण तो मला पायाखालचा आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे शहरात ७०० च्या आसपास. आणि पुढे दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे करत बारामतीकडे गेलं की ५०० किंवा त्याहूनही कमी. सगळं मिळून दीडशेएक किलोमीटरच्या आत. सह्याद्री ढग अडवून ठेवतो आणि पलीकडे उरतो तो पर्जन्यछायेचा पट्टा. पाऊस बदलला की गवत बदलतं, गवत बदललं की चंडोल बदलतो. इतकं सरळ आहे ते, फक्त एका दिवसात पश्चिमेकडून पूर्वेकडे गाडीने जाऊन जागोजागी उतरून बघावं लागतं.

पश्चिमेला, मुळशीकडे, घाटमाथ्याच्या सड्यांवर आणि पठारांवर मलबारी चंडोल. पूर्वेला कोरड्या, मुरमाड, घोट्याएवढ्या गवताच्या माळांवर साइक्सचा चंडोल. दोघांच्याही डोक्यावर टोकदार तुरा, तो खाली पाडला तरी डोक्याच्या मागे टोक दिसतंच, दोघांच्याही शेपटीच्या कडा तांबूस, त्यामुळे शेपटीवरून या दोघांत फरक करायला जाऊ नका. आणि पुण्याच्या आसपास, सासवडच्या बाजूला वगैरे, दोघंही भेटू शकतात, म्हणजे जिथे बहुतेक जण पहिल्यांदा बघायला जातात नेमक्या त्याच भागात हा प्रश्न येतो.

फरक बघायचा तो छातीवर आणि पोटावर. मलबारी चंडोल जरा दांडगा, सोळाएक सेंटीमीटरचा, छातीवर जाड काळ्या ठळक रेघा आणि खाली पोट पांढरट. साइक्सचा चौदाएक सेंटीमीटर, छातीवर अगदी बारीक मोजक्या रेघा, त्याही वरच्या भागातच, आणि तिथून खाली अख्खं पोट उबदार तांबूस, रेघेशिवाय. पक्षी समोरून दिसला तर शंका राहत नाही. पण तो समोरून दिसत नाही ना, तो पाठ करून पळत असतो! म्हणून मग बाकीच्या गोष्टी बघाव्या लागतात.

उजेडाचंही भान ठेवायला लागतं. सकाळी साडेसहा-सातच्या कोवळ्या उन्हात कुठलाही चंडोल तांबूस दिसतो, मलबारीसुद्धा. पावसात भिजलेला असला की रंग गडद होतो आणि रेघा जाड वाटतात. उन्हाळ्याच्या शेवटी पिसं झिजून फिक्कट झालेली असतात. दहानंतर जमीन तापली की हवा हलायला लागते आणि कितीही चांगली लेन्स असली तरी फोटो मऊ येतो, मग त्या फोटोवरून ग्रुपमध्ये दोन-दोन दिवस आयडीची, म्हणजे पक्षी नेमका कोणता याची, चर्चा चालते. नुसत्या रंगावर आयडी करू नये असं मी सगळ्यांना सांगते. रेघा बघा, आकार बघा, चालणं बघा, आणि सगळ्यात आधी तो कशावर उभा आहे ते बघा.

कशावर उभा आहे, हे मी एवढं लावून धरते कारण एकाच माळावर, एका नजरेच्या टप्प्यात, चार-पाच जातींचे चंडोल आपापले तुकडे धरून असतात. गाडीवाटेच्या उघड्या मातीत, नांगरून पडलेल्या शेतात, जिथे गवत जवळजवळ नाहीच तिथे डोंबारी, म्हणजे ॲशी-क्राउन्ड स्पॅरो-लार्क. हा एक त्यातला ओळखायला सोपा, निदान नर तरी, डोकं राखाडी आणि तोंडापासून पोटापर्यंत काळा. मादी मात्र पूर्ण मातकट, जाड आखूड चोचीवरून ओळखायची. बोराटीची, तरवडाची झुडपं सुरू झाली की बुशलार्क, थोडा गुबगुबीत, उडताना पंखात विटकरी रंगाचा मोठा पट्टा दिसतो आणि तो झुडपाच्या शेंड्यावर, कुंपणाच्या तारेवर बिनधास्त बसतो. दगडगोट्यांच्या उघड्या उतारावर रुफस-टेल्ड लार्क, अंगाने गडद, शेपटी तांबडी आणि टोकाला काळा पट्टा. हिवाळ्यात मध्य आशियातून शॉर्ट-टोड लार्कचे थवे येतात, ते कापणी झालेल्या रानात. आणि या सगळ्यांच्या मध्ये तिरचिमण्या, म्हणजे पिपिट, त्या चंडोल नाहीतच, धोब्याच्या कुळातल्या, सडपातळ, बारीक चोचीच्या, उभ्या राहिल्या की शेपटी खालीवर हलवणार. शेपटी हललेली दिसली की निम्मा गोंधळ संपतो.

साइक्सच्या चंडोलाला यातलं काहीही जास्त झालेलं चालत नाही. गवत हवं पण आखूड, मध्ये मध्ये उघडी जमीन हवी पळायला, एखादा मोठा दगड नाहीतर ढेकूळ हवं उभं राहायला, आणि झाड जवळपास नको. कुसळीचं गवत दाट माजलेलं असेल तिथे तो कडेला येतो, आत जात नाही. मला आता गाडीतून बाहेर बघतानाच कळतं की या तुकड्यात असेल, पुढच्यात नसेल, आणि मी कोणी मोठी तज्ज्ञ नाही, सवयीने कोणालाही जमेल हे.

एकदा मयूरेश्वर अभयारण्याच्या बाहेर, गाडीवाटेवर इंजिन बंद करून काचा खाली करून बसले होते. हे अभयारण्य सुप्याजवळ, १९९७ मध्ये चिंकारांसाठी जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चंडोलांना हद्द कुठे माहीत असते, बाहेरच्या चराऊ माळावर ते आतल्याइतकेच असतात. गाडी ही सगळ्यात चांगली लपणाची जागा आहे, पायी माणूस दिसला की जे पन्नास फुटांवरून उठतात ते उभ्या गाडीच्या चाकापाशी येतात. तसाच एक साइक्सचा चंडोल चालत चालत दारापासून आठ-दहा फुटांवर आला. दुर्बिणीतून इतका जवळ होता की फोकस होईना, मग दुर्बीण ठेवून नुसतंच बघितलं.

तुऱ्याची पिसं वेगवेगळी मोजता येतील अशी. मधली दोन लांब, बाकीची त्यांना टेकलेली, आणि वाऱ्याची झुळूक आली की तुरा पुढे झुकायचा आणि तो मान वळवून वाऱ्याला तोंड द्यायचा म्हणजे परत नीट बसायचा. छातीवरच्या रेघा पेन्सिलीने हलक्या हाताने ओढाव्यात इतक्या बारीक. त्याला एक नाकतोडा सापडला. तो लगेच गिळला नाही त्याने. आधी दगडापाशी नेला, दोन्ही बाजूंनी आपटला, मागचे दोन्ही लांब पाय तुटून पडेपर्यंत आपटला, मग चोचीतल्या चोचीत फिरवून डोक्याकडून आत घेतला. पाय तिथेच टाकून दिले आणि लगेच मुंग्या आल्या त्यांच्यावर. त्यानंतर तो वाटेवरच्या बारीक धुळीत बसला, अंग दोन्हीकडे घासून धूळ पिसांत घेतली, उठून झटकली, आणि परत तेच. पाच-सात मिनिटं असेल सगळं. मागच्या बोटाची नखी लांब आणि जवळजवळ सरळ असते हे मी वाचलं होतं, जमिनीवर चालणाऱ्या पक्ष्यांत अशी दिसते, पण ती धुळीत उमटलेली बघणं वेगळंच. पक्षी गेल्यावर खाली उतरून बघितलं तर प्रत्येक पावलाच्या मागे एक बारीक लांब रेघ होती.

साइक्स हे नाव ज्याच्यावरून आलं तो माणूस मला फार इंटरेस्टिंग वाटतो. विल्यम हेन्री साइक्स, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर म्हणून दख्खनची पाहणी करायला नेमलं. लोकसंख्या, शेती, जमीन, हवामान असल्या नोंदी घेत हा माणूस आपल्याच मुलखात फिरला आणि ते करता करता त्याने पक्षी-प्राणीही गोळा केले. १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आली, त्यात हा चंडोल आहे, आज त्याचं शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. माळावरचे रॉक बुश क्वेल हे लावेही त्याच यादीतले. आणि आदल्याच वर्षी, १८३१ मध्ये, त्याने आपल्याकडच्या लांडग्याचं वर्णन केलं होतं, कॅनिस पॅलिपेस. म्हणजे लांडगा आणि चंडोल, दोघांची शास्त्रीय नोंद एकाच माणसाने, एकाच मुलखातून केलेली. कंपनीचा अधिकारी होता, महसुलाचं राज्य चालवायला माहिती हवी म्हणून पाठवलेला, त्यात काही शंका नाही. पण या जमिनीवर काय काय जगतं हे विचारून लिहून ठेवणारं कोणीतरी दोनशे वर्षांपूर्वी इथे हिंडलं याचं मला बरं वाटतं. हा चंडोल भारताबाहेर कुठेच नाही, आणि त्यातही द्वीपकल्पाच्या कोरड्या भागातच. दख्खनचं पठार हेच त्याचं जग.

आता गाण्याबद्दल, कारण ते ऐकल्याशिवाय चंडोल बघितला असं म्हणताच येत नाही.

माळावर झाडं नसतात, मग उंच बसून गायचं कुठून? म्हणून हे सगळे हवेत जाऊन गातात, आणि प्रत्येकाची हवेत जायची तऱ्हा वेगळी. इथे तर आयडी लांबूनसुद्धा होतो, रंग दिसायची गरजच नाही. बुशलार्क झुडपावरून सरळ वर उठतो, टिट टिट टिट करत थोडाच वर जातो, मग पंख वर धरून पाय लोंबते सोडून तरंगत खाली येतो, गात गात, स्वीऽ स्वीऽ स्वीऽ, आणि बहुतेक वेळा त्याच झुडपावर. डोंबारी वर जाऊन अचानक पंख मिटून खाली सूर मारतो आणि तेवढ्यात एक लांब बारीक शीळ, परत वर, परत खाली, झोका घेतल्यासारखा, आणि जमिनीला टेकणार असं वाटताना वळून एखाद्या ढेकळावर बसतो. साइक्सचा चंडोल मात्र वर जाऊन थांबतो. पंख फडफडवत एका जागी, थोडा सरकत, थोडा गोल फिरत, कितीतरी वेळ. कधीकधी आभाळात ठिपका शोधता शोधता मान दुखते पण गाणं संपत नाही.

आणि त्या गाण्यात दुसऱ्यांचे आवाज असतात. पहिल्यांदा लक्षात येतं ते असं की माळावर बुलबुल ओरडतो आणि आजूबाजूला बुलबुल बसेल असं काहीच नसतं. मग लगेच कोतवाल. मग माळटिटवी, मग परत त्याचं स्वतःचं काहीतरी, मग चिमण्यांचा कलकलाट. आवाजावरून पक्षी ओळखणारी मर्लिन ॲपची साउंड आयडी अशा वेळी चालू ठेवली तर एकामागून एक नावं उजळत जातात आणि त्यातला एकही पक्षी तिथे नसतो, सगळे डोक्यावरच्या एका ठिपक्याच्या गळ्यात असतात. ॲप वाईट आहे असं मुळीच म्हणायचं नाही मला, मीही वापरते, नवीन लोकांना तर फार उपयोग होतो, पण या पक्ष्यापुरतं फोन खिशात ठेवून ऐका. एखादा नर कोणकोणाची नक्कल करतो ते चार-पाच दिवस लिहून काढलं तर त्या परिसरातल्या पक्ष्यांची यादीच हातात येते.

कडबनवाडीच्या बाजूला एका माळावर असंच वर बघत उभी होते तर एक धनगर मामा मेंढरं घेऊन आले. आधी काही बोलले नाहीत, माझ्या शेजारी येऊन तेही वर बघायला लागले.

"तुऱ्याचं पाखरू व्हय?" म्हणाले.

म्हटलं, "हो मामा, तेच. सगळ्यांचे आवाज काढतंय."

"मिरग लागला की लई बोलतंय त्ये. आमच्या शिट्टीची बी नक्कल करतंय. म्हातारा सांगायचा आमचा, शिट्टी ऐकून कुत्रं उठायचं आन बघावं तर पाखरू."

शिट्टीची ही नक्कल मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली नाही, पण ती मला बिलकूल अशक्य वाटत नाही. युरोपात याच गॅलेरिडा वंशातला क्रेस्टेड लार्क आहे, आणि जर्मनीत एर्विन ट्रेट्झेल या संशोधकाने १९६५ मध्ये नेमकं हेच नोंदवलं होतं, की तिथल्या मेंढपाळाच्या कुत्र्याला द्यायच्या शिट्ट्या चंडोलांनी उचलल्या होत्या. मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तिथं बी मेंढरं हायेत म्हणायची." आणि खूष होऊन गेले.

पण जायच्या आधी त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासाठी जास्त मोलाचं होतं. घरटं कुठे असतं विचारलं, तर त्यांनी काठीने जमिनीवर एक ठसा दाखवला. पावसात जमीन मऊ असताना बैलाचा खूर रुतलेला, नंतर वाळून तसाच राहिलेला. "ह्यात घालत्यात. वाऱ्याच्या आडोशाला. आम्हाला दिसलं की कळप जरा वळवून घेतो." त्यांच्या मते मेंढरं गेलेल्या तुकड्यात ही पाखरं जास्त असतात, कारण गवत खुरटं होतं. आणि न चारलेल्या, कंपाउंड घालून बंद केलेल्या तुकड्यात ती येत नाहीत. मी तिथून पुढे जाऊन दोन्ही तुकडे बघितले, तेव्हापासून बघतेच आहे, मामा बरोबर आहेत. अर्थात चराई अति झाली की उलटं होतं, जमिनीवर काहीच राहत नाही, मग फक्त डोंबारी उरतो. थोडं खुरटलेलं, थोडं उंच, थोडं उघडं, असं सगळं हवं. आणि ते ठेवण्यात मेंढ्यांचा, चिंकारांचा, पावसाचा सगळ्यांचा हात असतो. लांडगाही त्यातच आला, मेंढ्यांच्या मागे हिंडणारा.

घरट्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, जरा कडक वाटेल. डोंबाऱ्याचं एक घरटं मी दुर्बिणीतून बघितलं आहे, वाटेच्या अगदी कडेला, ढेकळाच्या सावलीला, छोट्या वाटीएवढा खळगा, आत बारीक गवत आणि एका बाजूच्या काठावर बारीक खडे रचलेले. नर-मादी आळीपाळीने बसत होते, एक उठला की दुसरा चालत येऊन बसायचा, थेट उडत कधीच नाही, लांब उतरून पळत पळत यायचं. काय शहाणपण आहे! आणि त्याच माळावर, त्याच सकाळी, दोन जीप वाट सोडून गवतातून हारिअरच्या मागे धावत होत्या, चांगल्या फोटोसाठी. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याच्या माळावर वाट सोडून गाडी घालणं म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याने कॅमेरा घरी ठेवावा. हे मी रागाने लिहितेय आणि तसंच राहू देते.

जीप मात्र लहान संकट आहे. मोठं संकट चांगल्या हेतूने येतं. आपल्याकडे उजाड दिसलं की झाडं लावायची असं शाळेपासून शिकवलेलं असतं, आणि सरकारी कागदावर या जमिनींची गणना पडीक म्हणून होते, देशाचा वेस्टलँड ॲटलास निघतो त्यातही गवताळ आणि झुडपी जमिनी मोठ्या प्रमाणात येतात. मग तिथे काहीही करता येतं. ग्लिरिसिडियाची झाडं लावता येतात, सुबाभूळ लावता येतो, सोलरचे पॅनल टाकता येतात, एनए प्लॉट पाडता येतात, आणि पाणी आलं की ऊस. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या बघा, ग्लिरिसिडियाने भरल्या आहेत, लांबून हिरव्या दिसतात. त्या हिरव्यात उभं राहून मी पक्षी मोजलेत. बुलबुल, दयाळ, शिंपी, सगळे छान, पण ते माझ्या सोसायटीतही आहेत. चंडोल एकही नाही. माळावर पळणारा धाविक नाही, माळटिटवी नाही. त्यांना खाली पळायला जागाच उरत नाही आणि झाडावर बसून पाळत ठेवणाऱ्या शिकारी पक्ष्यांची सोय होते ती वेगळीच.

माळढोकासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नजचं अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास संपल्यातच जमा. एवढा मोठा पक्षी, त्याच्यासाठी लोक लढले, कोर्टात गेले. चंडोलासाठी कोण जाणार? २०२३ च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि त्यातलं एक ठळक चित्र हेच आहे की उघड्या, गवताळ मुलखातले पक्षी घसरणीला लागलेत. तो अहवाल कोणी खोलीत बसून लिहिलेला नाही, ३०,००० हून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, टाकलेल्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर तो उभा आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या चेकलिस्टवर, एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या यादीवर.

या चेकलिस्टचा उपयोग मी प्रत्यक्ष बघितला म्हणून सांगते. आम्ही नेहमी जातो त्या एका माळावर जेसीबी आला, रांगेत खड्डे पडायला लागले, झाडं लावायची योजना. आम्ही काही जण संबंधित कार्यालयात जाऊन बसलो. समोरच्या साहेबांचा प्रश्न साधा होता, की तिथे आहे काय? आणि तो रास्त प्रश्न आहे, त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नव्हतं. आमच्याकडे नुसती नावांची यादी असती तर फार काही झालं नसतं असं मला वाटतं, तपकिरी पक्ष्यांची नावं वाचून कोणाचं मन बदलत नाही. पण बरोबरच्या एका मुलाने प्रत्येक नोंदीत जमीन लिहिली होती. मुरूम, गवत घोट्याएवढं, मेंढरं चरून गेलेली, साइक्सचा चंडोल गाताना. पुढच्या तुकड्यात गवत गुडघ्याएवढं, बोराटी, बुशलार्क. पलीकडे दोन वर्षांपूर्वीची लागवड, चंडोल नाही. हे सलग तीन पावसाळ्यांचं, नकाशावर रंग भरून. साहेबांनी तो नकाशा बराच वेळ बघितला, लागवडीच्या तुकड्यावर बोट ठेवून दोनदा विचारलं, इथे खरंच एकही नाही? खड्डे पूर्ण थांबले नाहीत. उतारावरच्या रांगा तशाच राहिल्या आणि तिथे रोपं लागली. सपाटीवरचे मात्र थांबले आणि उघडे खड्डे नंतर बुजवले गेले.

म्हणून जे कोणी माळावर जाता त्यांना एवढंच सांगणं आहे, चेकलिस्टच्या कमेंटमध्ये दोन ओळी जमिनीच्या लिहा. गवत केवढं, कोणतं ओळखता येत असेल तर, कुसळी, मारवेल, पवना, डोंगरी. माती की मुरूम की दगड. मेंढरं येतात का. पक्षी गात होता, चोचीत चारा होता, पिल्लं दिसली, तर ब्रीडिंग कोड, म्हणजे विणीची खूण, भरा, आणि चोचीत चारा घेऊन तो इकडेतिकडे बघत उभा असेल तर घरटं तुमच्या पायाजवळ आहे असं समजून आल्या वाटेने मागे फिरा. फोनवर त्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका.

मी मिरगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की सुप्याच्या बाजूला जाणार आहे, सकाळी सहाला सासवडमध्ये चहा, सातला माळ. यायचं असेल त्यांनी कळवा. गाडी वाटेवरच राहील, दहा वाजता परत निघायचं, पाणी आपापलं आणा, पांढरे कपडे नकोत. आणि वही आणा, मोठी नको, खिशात मावेल एवढी.